जखम भरली, पण पाय उतरत नाही

जखम सुकली, टाके निघाले, घोडा सरळ चालायला लागला. तरी रोज सकाळी तबेल्यात गेलं की तो एक पाय जाडच दिसतो. माथेरानचा घोडेवाला असो, वरातीसाठी घोडा पाळणारा असो की रायडिंग क्लबात स्वतःचा घोडा ठेवणारा हौशी स्वार, दुखापतीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही तक्रार सगळ्यांची असते. नेमका इथेच मालकाचा धीर सुटतो. मग घोडा महिनाभर खुंट्यालाच बांधला जातो, नाहीतर दर आठवड्याला नवा लेप लागतो, नाहीतर ‘आता काय, बराच झालाय’ म्हणून खोगीर चढतं. त्याआधी ही सूज कोणत्या प्रकारची आहे ते ठरवायला हवं. एक सूज चालवल्याने उतरते. दुसऱ्या सुजेत चालवलं तर पाय कायमचा जातो. तिसरी कधीच उतरणार नसते, तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

घोड्याचा पाय मुळात सुजायलाच सोपा आहे. पुढच्या गुडघ्याखाली आणि मागे रेसकोर्सवर ज्याला हॉक म्हणतात त्या सांध्याखाली मांसल स्नायू जवळपास नाहीतच. आहेत ती हाडं, घोडेवाले ज्यांना नस म्हणतात ते टेंडन, आणि वर पातळ कातडी. माणसाच्या पोटरीचे स्नायू आवळले की खालचं रक्त वर ढकललं जातं. घोड्याला खालच्या पायात ती सोय नाही. त्याचं काम चालतं ते खुरावर. पाऊल जमिनीवर टेकलं की खुराच्या तळाची त्रिकोणी मऊ गादी दाबली जाते, वरचा सांधा लवतो, आणि हातपंपाच्या दांड्यासारखं प्रत्येक पावलागणिक रक्त आणि लसिका वर चढते. पंप थांबला की पाणी खाली साचणारच. दुखापत झालेल्या पायात तर बारीक लसिकावाहिन्या तुटलेल्या किंवा व्रणाने दाबल्या गेलेल्या असतात, त्यामुळे निचरा आधीच मंद. त्यात घोडा अगाडी-पिछाडीने जखडून चोवीस तास एका जागी उभा असेल, तर सूज राहिली याचं आश्चर्य वाटायला नको.

आता हात लावून बघू. सकाळी, घोडा बाहेर काढायच्या आधी, सुजलेल्या जागी अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडून तसाच राहिला, पाय गार आहे, घोडा दाबू देतोय, आणि पंधरा मिनिटं चालवून आणल्यावर सूज निम्मी झाली, तर हे साचलेलं पाणी. ही सूज बहुधा मागच्या दोन्ही पायांना थोडीफार असते, फक्त दुखावलेल्या पायाला जास्त. हिला घाबरायचं नाही. खळगा पडत नाही, हाताला कडक लागते, गार आहे, दुखत नाही, चालवूनही माप बदलत नाही आणि आठवडेच्या आठवडे तेवढीच आहे, तर तो व्रणाचा ताठपणा. दुखावलेला टेंडन बरा झाल्यावरही पूर्वीपेक्षा जाड राहतो. कातडीखालच्या जखमेचंही तेच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी पायांवरून हात का फिरवतो ते यावरून कळेल. पण गार, कडक आणि महिनोन्‌महिने न बदलणारा जाडपणा हा दिसण्यातला दोष आहे, दर वेळी कामातला नव्हे.

गरम सूज मात्र सगळ्यात आधी घ्यायची. ऊब तळव्याने नीट कळत नाही. हाताची पाठ लावा, आणि दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी ताडून बघा. पट्टी नुकतीच सोडली असेल किंवा घोडा उन्हात उभा असेल तर अर्धा तास थांबा, नाहीतर ऊब पट्टीची की आजाराची हे समजणार नाही. टेंडनच्या जागी ऊब असेल, दोन बोटांनी चिमटीत दाबल्यावर घोडा पाय उचलून घेत असेल, तर आतली दुखापत अजून जिवंत आहे, मग तो चालताना लंगडत नसला तरी. टेंडनच्या दुखापतीत लंगडणं काही आठवड्यांत जातं, पण आतले तंतू पुन्हा भार सोसण्यासारखे जुळायला नऊ महिने ते वर्ष लागतं. घोडा चांगला चालतोय हे बघून त्याला पळवणं ही या दुखण्यातली सगळ्यात महागडी चूक. टेंडनचं आतलं चित्र अल्ट्रासाउंडमध्ये दिसतं. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा रेसकोर्सवर काम करणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरकडे ती सोय मिळू शकते, आणि महिनोन्‌महिन्यांच्या तेला-मलमांपेक्षा एक तपासणी स्वस्त पडते.

थर्मामीटर तबेल्यात असलंच पाहिजे. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 ते 101.3 फॅरनहाइट. त्याच्या वर ताप, एक पाय एका रात्रीत खांबासारखा, सूज हॉकच्या वर मांडीकडे सरकलेली, कातडी ताणून त्यातून पिवळसर पाणी झिरपतंय, आणि घोडा पाय टेकायला तयार नाही, असं दिसलं तर तो जंतुसंसर्ग. यात लेप, शेक, मालिश काही करू नका. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. सरकारी फिरतं पशुवैद्यकीय पथक 1962 या टोल-फ्री क्रमांकावर बोलावता येतं. अँटिबायोटिक एक दिवस उशिरा सुरू झालं तरी लसिकावाहिन्या कायमच्या बिघडू शकतात, आणि मग तो पाय आयुष्यभर जाड राहतो व अधूनमधून पुन्हा भडकतो.

काही वेळा सूज राहते, कारण आत काहीतरी राहिलेलं असतं. बाभळीचा किंवा बोराचा काटा, कुंपणाच्या लाकडाची ढलपी. जखम वरून भरते, आठ-दहा दिवसांनी फुगते, फुटते, थोडा पू येतो, पुन्हा भरते. हे चक्र दोनदा झालं की आत वस्तू आहे असं धरूनच चालायचं. एक्स-रेत लाकूड सहसा दिसत नाही, अल्ट्रासाउंडमध्ये दिसतं. दुसरा प्रकार नळीच्या हाडावर लाथ किंवा दगड बसल्यावरचा. तिथे हाडावर फक्त कातडी असल्याने हाडाच्या वरच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तो तुकडा मरून सुटा होतो. तीन-चार आठवड्यांनी सूज, एक बारीक भोक, त्यातून न थांबणारा स्राव. हा तुकडा काढल्याशिवाय तो पाय बरा व्हायचा नाही. कितीही मलम लावा. सांध्याजवळच्या छोट्या भोसकलेल्या जखमेतून बोटांना चिकट, तार धरणारं पिवळसर पाणी लागलं, तर ते सांध्यातलं वंगण आहे. ती जखम किती लहान दिसते याला महत्त्व नाही, तो तातडीचा प्रसंग आहे. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही त्याच वेळी विचारा. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

पाय सुजला की सगळ्यांचं लक्ष सुजेकडे जातं, खुराकडे जात नाही. खूर उचलून साफ करा, तळवा दाबून बघा, नाल किती दिवसांपूर्वी ठोकली ते आठवा. खिळा जिवंत भागाच्या फार जवळ गेला किंवा तळव्यात पू झाला, तर सूज थेट वरच्या सांध्यापर्यंत चढते आणि जुन्या दुखापतीवर खापर फुटतं. नालबंदाने नाल काढून तळवा तपासला की दहा मिनिटांत उलगडा होतो.

आणखी दोन शक्यता आपल्याकडे विसरून चालत नाही. चारही पाय, पोटाखालचा भाग किंवा लिंगाचं आवरण सुजलंय, ताप येऊन-जाऊन आहे, खाऊनही घोडा वाळत चाललाय, तर दुखापतीचा विचार सोडा आणि सर्रासाठी रक्त तपासून घ्या. हा रोग गोमाशांच्या चावण्याने पसरतो, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त दिसतो. दुसरी शक्यता ग्लँडर्सची. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने दोरीसारखी जाड झालेली वाहिनी, तिच्यावर ओळीने गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव: असं काही दिसलं तर उघड्या हाताने स्पर्श करू नका, घोडा वेगळा बांधा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. हा रोग माणसाला होतो आणि 2009 च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत तो निघाला होता, तेव्हा ‘आपल्या भागात नसतो’ म्हणून सोडून देऊ नका.

हे सगळं वगळल्यावर उरते ती पहिली, साचलेल्या पाण्याची सूज. तिचं औषध म्हणजे चालवणं. पण मोजून, आणि डॉक्टरने हिरवा कंदील दिल्यावर. सुरुवात सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांची, हातात दोर धरून. जमीन सपाट आणि टणक हवी. खोल वाळूत टेंडनवर ताण येतो, आणि माथेरानसारख्या लाल मातीच्या, दगड वर आलेल्या चढउतारावर घसरण्याची भीती असते. सरळ चालवा. लांब दोरावर गोल फिरवणं बरेच जण हलका व्यायाम समजतात. बरा होत असलेल्या पायाला तो सगळ्यात वाईट व्यायाम आहे, कारण वळणात भार एका बाजूला पडतो. पाय साथ देत असेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुखापत टेंडनची असेल तर पहिले दोन-तीन महिने फक्त चालणं, आणि दुडकी पुन्हा अल्ट्रासाउंड झाल्यावरच. महिनाभर बांधलेला घोडा पहिल्याच दिवशी मोकळा सोडला की तो उधळणार. त्या एका उधळण्यात महिन्यांची कमाई जाते. तेव्हा पहिले दिवस तोंडात लगाम घालून न्या, आणि शेजारी एखादा शांत, म्हातारा घोडा असला तर उत्तम.

चालवण्याच्या मधल्या बावीस-तेवीस तासांचं काय? शक्य असेल तर बांधू नका. बारा फूट बाय बारा फुटांच्या कोठीत मोकळा ठेवला तर घोडा आपसूक शेकडो पावलं टाकतो आणि निवांत आडवाही होतो. जागा नसेल तर निदान पिछाडी सोडा. मागचे पाय दोरीने ओढून बांधले की सूजही वाढते आणि दोरी खुराच्या वर कातडी सोलते. आणि चंदी कमी करा, हे मालकाच्या मनाविरुद्ध असलं तरी. आजारी आहे म्हणून हरभरा आणि गूळ वाढवायची आपल्याकडे रीत आहे. काम बंद आणि दाणा चालू अशा घोड्याचे पाय भरतात, डोकं गरम होतं, खुरांच्या आतल्या सुजेचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका वाढतो. वैरण भरपूर, दाणा थोडा, मीठ आणि पाणी हवं तेवढं. दाणा एका दिवसात न तोडता चार-पाच दिवसांत उतरवा.

पट्टीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पट्टीने जेवढे पाय वाचले तेवढेच बिघडलेही आहेत. क्रेप बँडेज थेट कातडीवर कधीही नको. आधी कापसाची किंवा गादीसारखी जाड, सारखी घडी, निदान इंचभर. सुरकुती एकही नाही. ती गुडघ्याच्या खालून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत यावी. पट्टी नळीच्या हाडापासून सुरू करा, खाली जाऊन पुन्हा वर या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकील असा. ताण हाडावर द्या, मागच्या टेंडनवर ओढू नका: डाव्या पायाला घड्याळाच्या काट्याच्या उलट, उजव्या पायाला काट्याप्रमाणे. बांधून झाल्यावर वरच्या आणि खालच्या कडेत एक बोट जेमतेम शिरावं. बोटच शिरत नसेल तर सोडा. दोन बोटं सहज गेली तर ती रात्रीतून घसरून टेंडनभोवती दोरीसारखी आवळेल. चांगल्या पायालाही तशीच पट्टी हवी, कारण दुखऱ्या पायाचा भार तोच वाहतो. बारा तासांनी, फार तर चोवीस तासांनी, सोडून पाय बघायचाच. रोज पट्टी बदलायला खात्रीचा माणूस नसेल तर पट्टी न बांधलेली बरी. ओली पट्टी लगेच काढा, पावसाळ्यात तर विशेष.

आणि पट्टीची सवय लागते. काही आठवडे रोज पट्टी बांधून एकदम काढली की पाय पहिल्यापेक्षा जास्त भरतो, आणि मालकाला वाटतं दुखणं उलटलं. पट्टी हळूहळू सोडवा. आधी चालवून आणल्यावर दोन-तीन तास उघडा पाय, मग दिवसभर उघडा आणि फक्त रात्री पट्टी, मग एक रात्र आड.

थंड पाणी पहिल्या दोन-तीन दिवसांचं औषध: वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बर्फ असेल तर मध्ये कापड घालून. महिना उलटलेल्या गार सुजेवर तासन्‌तास पाणी मारण्याने फारसं काही साधत नाही. चालवल्यानंतर पाय कोमट झाला असेल तेव्हा वीस मिनिटं पाणी सोडलं तर पुरे. त्यानंतर पाय फडक्याने कोरडा करा, सांध्यामागची खाच विशेष. तिथे ओल राहिली की कातडी तडकते, खपल्या धरतात, आणि त्या भेगांतूनच जंतू आत जाऊन नवी सूज आणतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर निम्म्या सुजा याच रस्त्याने येत असाव्यात असा माझा अंदाज आहे. उघडी जखम असताना घोडा नदीत किंवा डबक्यात उभा करू नका. मालिश करायची तर खालून वर, तळहाताने, हलक्या दाबाने, पाच-दहा मिनिटं. गार सुजेलाच, आणि टेंडनची ताजी दुखापत असेल तर मुळीच नाही.

घरगुती उपायांत आंबेहळदीचा कोमट लेप न फुटलेल्या कातडीवर लावला तर सहसा अपाय होत नाही. त्यावर घट्ट पट्टी तेवढी बांधू नका. चुना मिसळलेला लेप ओल्या कातडीला भाजतो. बिब्बा घालणं तर पूर्ण बंद व्हायला हवं: त्याने फोड येतात, कातडी सोलते, आणि ‘वाईट पाणी निघून गेलं’ असं आपण समजतो. डाग देण्याचंही तेच. तापल्या लोखंडाने टेंडन बरा होतो हा समज फक्त आपल्या गावांतला नाही. इंग्लंडातले घोड्यांचे डॉक्टरही पिढ्यान्‌पिढ्या डाग देत होते. 1983 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी डागलेले आणि न डागलेले टेंडन ताडून बघितले, आणि डागण्याने बरं होणं सुधारत नाही असं दाखवून दिलं. डाग दिलेला घोडा बरा होतो, कारण डागल्यावर त्याला मालक महिनोन्‌महिने विश्रांती देतो. ती विश्रांती डागाशिवायही देता येते.

वेदनाशामक इंजेक्शनं दुकानातून आणून स्वतः टोचू नका. फिनाइलब्युटाझोनसारखी औषधं जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत गेली की पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. शिवाय दुखणं झाकलं गेल्याने घोडा नको तेवढा भार टाकतो. डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यावर भारतात 2006 पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर 2023 पासून. अशी औषधं घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि घोड्यातही वापरतात, तेव्हा डॉक्टरला तसं विचारायला संकोच नको.

शेवटी वहीचं काम. शिंप्याची कापडी टेप घ्या. दोन्ही पायांवर, नळीच्या मध्यावर, कात्रीने चार केस कापून खूण करा, म्हणजे माप रोज त्याच जागी येईल. रोज सकाळी चालवण्याआधी एक माप, चालवून आल्यावर एक, दोन्ही पायांचं. शेजारी तापमान, किती मिनिटं चालवलं, पट्टी होती की नव्हती. आठवड्यातून एकदा त्याच कोनातून मोबाइलवर फोटो. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, आणि डॉक्टरला फोनवर ‘थोडी कमी वाटते’ सांगण्यापेक्षा दहा आकडे पाठवलेले त्याला जास्त उपयोगी. सकाळचं आणि चालवल्यानंतरचं माप यांतलं अंतर आठवड्यागणिक कमी होत आलं, की निचरा सुधारतोय. दोन्ही मापं सारखीच राहून पाय गार असेल, तर उरलाय तो व्रणाचा जाडपणा. तिथे लेप आणि पट्टी दोन्ही थांबवा.

खोगीर चढवायची वेळ आली की आधी हलका स्वार, दहा मिनिटं, फक्त चाल. पर्यटकांचा धंदा असेल तर पहिले काही आठवडे भारी गिऱ्हाईक त्या घोड्यावर नको आणि उताराच्या फेऱ्याही नकोत; उतारावर पुढच्या पायांवर भार जास्त येतो. त्या दिवशी पाय कसा आहे यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कसा आहे हे बघा, कारण टेंडनची कुरकुर रात्री उमटते. सकाळी ऊब नसेल आणि माप कालच्याएवढंच असेल, तर आहे तसं चालू ठेवा. माप वाढलं पण पाय गार आहे, तर तीन दिवस नुसतं हातात धरून चालवा आणि मग गेल्या आठवड्याच्या वेळेवरून पुन्हा सुरू करा. ऊब आली असेल तर खोगीर खाली, थंड पाणी, आणि डॉक्टरला फोन.